प्रतिसाद: ड्रिपमधून खत शेवटच्या झाडापर्यंत कधी पोचतं?

वर कुणीतरी विचारलंय की व्हेंचुरीतून (पाण्याच्या दाबावर विरघळलेलं खत ड्रिपच्या लाइनीत ओढणारी नळी) खत ओढून झालं की पाच मिनिटांत मोटर बंद केली तर चालेल का. नाही चालणार.

नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडची नेहमीची मांडणी घ्या: एक एकर द्राक्ष, दोन ओळींत ९ फूट, १६ एमएम लॅटरल (ओळीतून जाणारी ड्रिपरची बारीक नळी), ६० सेंमीवर तासाला ४ लिटरचा ड्रिपर. तासाला साधारण १० हजार लिटर पाणी. ६३ एमएमची २०० मीटर मेन लाइन असेल तर तिच्यात ५५० लिटर मावतं, म्हणजे सव्वातीन मिनिटं तिथेच गेली.

खरी गंमत लॅटरलमध्ये. १०० मीटर नळीत जेमतेम १५ लिटर पाणी, पण प्रत्येक ड्रिपरगणिक पुढचा वेग कमी होतो. पूर्ण लांबीला आठेक मिनिटं लागतात, त्यातली चार शेवटच्या ६ मीटरलाच! एकूण बारा धरा, सबमेनचे (मेन लाइनमधून लॅटरलना पाणी देणारी नळी) वेगळे. खत संपल्यावर स्वच्छ पाणी वीस मिनिटं तरी चालवा.

आधी बंद केलं तर टोकाच्या वेलींना खत कमी, शिवाय कॅल्शियम नायट्रेट नळीत राहतं आणि पुढच्या वेळच्या फॉस्फेटशी साका धरून ड्रिपर चोंदतात. उलट तासभर चालवलं तर नायट्रेट मुळांखाली वाहून जातं, मुरमाड रानात जास्तच. खात्री हवी तर शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून ईसी मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बघा: आकडा साध्या पाण्याएवढा उतरला की मोटर बंद. आणि खत वीज जायच्या वेळेला टेकवून सोडू नका.