फिनलंडची पोर्शे नको म्हणे! स्पोर्ट्स कार कुठे बनली याने खरंच फरक पडतो का?

घाटवळण:
माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, तो सध्या जुनी पोर्शे बॉक्सटर शोधतोय, ९८६ म्हणजे पहिल्या पिढीची. त्याला तिथल्या एका जाणकाराने सांगितलं की चासी नंबरचं अकरावं अक्षर बघ, एस असेल तर श्टुटगार्टची, यू असेल तर फिनलंडची, आणि यू वाली अजिबात घेऊ नको. मला हे सगळं खुळ वाटतं. फिनलंडमध्ये उसिकाउपुंकी नावाचं गाव आहे, तिथल्या व्हालमेटच्या कारखान्यात १९९७ पासून २०११ पर्यंत बॉक्सटर आणि नंतर केमन मिळून दोन लाखांच्या वर पोर्शे बनल्या. पोर्शेने तिकडे काम दिलं कारण बॉक्सटरला मागणी एवढी आली की श्टुटगार्टचा कारखाना पुरेना. स्वस्त मजूर मिळतात म्हणून कोणी फिनलंडला जात नाही हो! आणि हेच लोक त्याआधी साब ९०० ची उघड्या छताची गाडी वर्षानुवर्षं बनवत होते, म्हणजे कापडी छताच्या कामात ते चांगलेच मुरलेले. नवी घेताना दोन्हीकडच्या बॉक्सटरची किंमतही एकच होती. मग वीस-पंचवीस वर्षांनी भेदभाव कसला?

नट_बोल्ट:
दादा, खुळ म्हणून उडवून लावू नका. जागेने फरक पडतोच. डिलोरियन ही अमेरिकन कंपनीची स्पोर्ट्स कार आठवा. १९८१ मध्ये बेलफास्टजवळ डनमरीच्या नव्याकोऱ्या कारखान्यात ती बनायला लागली, सरकारी पैसा होता, बेरोजगारी भरपूर होती, पण कामावर घेतलेल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी गाडी बनवली नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांची दारं नीट बसेनात, वायरिंगचे घोळ, शेवटी अमेरिकेत बोटीतून उतरल्यावर डीलरकडे पाठवायच्या आधी तिथे वेगळी सेंटर काढून गाड्या दुरुस्त कराव्या लागल्या. पंचवीस हजार डॉलरची गाडी, त्या काळात! जिथे गाडी बनवायची सवयच नाही तिथे पहिल्या दिवशी चांगली गाडी कशी बनेल?

घाटवळण:
अहो पण तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. तो नवशिक्या हातांचा आणि घाईचा दोष झाला, बेलफास्टचा नाही. त्यात गाडीच मुळात लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीकडून घाईघाईत पुन्हा आखून घेतलेली. पुढे हात बसल्यावर नंतरच्या गाड्या सुधारल्या की.

झुफेनहाउझेनचा_शेजारी:
मी श्टुटगार्टजवळ राहतो म्हणून सांगतो, ९८६ चा सगळ्यात बदनाम दोष म्हणजे आयएमएस बेअरिंग, इंजिनाच्या आतल्या एका शाफ्टचं. ते गेलं की आख्खं इंजिन भंगारात. साधारण २००० ते २००५ च्या गाड्यांमधलं एकेरी बेअरिंग जास्त धोक्याचं. आता गंमत बघा, फिनलंडला जाणारी इंजिनंसुद्धा इथूनच तयार होऊन जायची! आणि त्याच घराण्यातलं इंजिन त्याच वर्षांतल्या बहुतेक ९९६ मध्ये आहे, म्हणजे पोर्शेच्या खुद्द ९११ मध्ये, जी इथेच बनते. तिलाही तोच रोग. दोष ड्रॉइंग बोर्डावर झाला आणि बिल फिनलंडच्या नावावर फाडताय.

घाटवळण:
हेच! आणि उलटा पुरावा पण आहे. बॉक्सटरचं तिथलं काम संपत आलं तेव्हा त्याच व्हालमेटच्या कारखान्यात फिस्कर कर्मा बनायला लागली. लाखभर डॉलरची हायब्रिड. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक-मासिकवाल्यांनी २०१२ मध्ये एक विकत घेतली तर ती त्यांची टेस्ट नीट सुरू व्हायच्या आतच बंद पडली, मग बॅटऱ्यांसाठी रिकॉल. बॅटरी अमेरिकन कंपनीची. गाव तेच, कारखाना तोच, कामगारही बरेचसे तेच, मग पोर्शे चांगली आणि कर्मा बिघडकी कशी काय?

नट_बोल्ट:
इंजिनाचं मान्य. पण रंगकाम, पॅनलमधल्या फटी, आतली फिटिंग हे जोडणीच्या जागीच ठरतं ना? आणि ज्यांनी घर गहाण ठेवून स्वप्नातली गाडी घ्यायची त्यांना ती कुठली हे विचारायचा हक्क नाही का? टोयोटाची नवी सुप्रा ऑस्ट्रियात ग्राझला बीएमडब्ल्यू झेड४ च्या बरोबर बनली, इंजिन बीएमडब्ल्यूचं. गाडी झकास आहे, नाही कुठे म्हणतोय, पण जपानात बनलेल्या जुन्या सुप्रावाल्यांचा जीव त्यात रमत नाही. तुम्ही मोजपट्टी लावून बघा, त्यांना ती मोजपट्टी नकोच आहे.

चाकण_एमआयडीसी:
क्वालिटीवर तुम्ही रात्रभर भांडा, पण किमतीला जागेने फरक पडतो यात वाद काय आहे? आपल्याकडे चाळीस हजार डॉलरच्या वरची तयार गाडी बाहेरून आणली की ड्यूटीच शंभर टक्क्यांच्या वर जाते. म्हणून तर मर्सिडीजने एएमजी ए ३५ ही आपली वेगवान गाडी चाकणला जोडायला घेतली. रेंज रोव्हर २०२४ मध्ये पुण्यात जुळायला लागली तेव्हा किमती १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या, म्हणजे लाखांत मोजायची रक्कम. (स्पोर्ट्स कार नाही माहितीये, मुद्दा कळला ना.) आणि चाकणच्या गाडीची फिटिंग कमी असते असं म्हणणाऱ्याने एकदा लाइनवर येऊन टॉर्क रेंचचं रेकॉर्ड बघावं, प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टची नोंद राहते.

झुफेनहाउझेनचा_शेजारी:
अमेरिकेत पण तेच चाललंय. २०२५ मध्ये बाहेरच्या गाड्यांवर आधी २५ टक्के कर लावला, मग वाटाघाटी होऊन युरोपातल्या गाड्यांना १५ आणि ब्रिटनच्या पहिल्या एक लाख गाड्यांना १०. पोर्शेचा अमेरिकेत एकही कारखाना नाही. म्हणजे ९११ आणि ब्रिटिश ॲस्टन मार्टिनमधला फरक आता नकाशावर पण मोजायचा.

चाकण_एमआयडीसी:
आणि भारत-ब्रिटन करार जुलै २०२५ मध्ये झाला त्यातही तसंच, तिकडून येणाऱ्या गाड्यांची ड्यूटी कोट्यापुरती टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार. आता लोटस घ्या, एमिरा इंग्लंडात हेथेलला बनते आणि इलेत्र चीनमध्ये वुहानला. बॅज एकच, पण कराराचा फायदा एकीलाच.

नट_बोल्ट:
मग झालं की! जागेने फरक पडतो हे तुम्हीच सिद्ध केलंत.

घाटवळण:
किमतीला पडतो, तोही सरकारमुळे. गाडीला नाही. भावाला मी सांगितलंय की अकरावं अक्षर सोड, आयएमएस बेअरिंग बदललंय का त्याचं बिल माग, आणि तेल बदलताना फिल्टर कापून आत धातूचा कीस दिसतो का ते बघून घे.

नट_बोल्ट:
बिल मागू दे. पण शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या असल्या, दोघींची बिलं नीट, भाव तोच, तर तुमचा भाऊ एस वालीच घेऊन येणार. लावताय पैज?