निवासी गल्ल्यांत रात्री उभ्या राहणाऱ्या चारचाकींना सशुल्क परवाना असावा का?

एरंडवणेकर:
कोथरूड आणि एरंडवण्यात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास झपाट्याने चालू आहे. आठ-दहा बिऱ्हाडांच्या जागी तिप्पट सदनिका उभ्या राहतात, गल्लीची रुंदी मात्र तेवढीच राहते. फाटकासमोर कुंड्या, दगड, साखळदंड आणि ‘गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशी पाटी, एवढीच काय ती आपली वाहतूक व्यवस्था. माझा प्रस्ताव असा की रात्री निवासी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या चारचाकींसाठी महापालिकेने वार्षिक सशुल्क परवाना सुरू करावा आणि दुचाकींना त्यातून वगळावे. पुण्याच्या वाहनतळ धोरणावर २०१८ मध्ये चर्चा झाली तेव्हा रात्रीच्या शुल्काची कल्पना मांडली गेली होती, पण विरोधापुढे ती गळून पडली. तो विरोध आजही योग्य वाटतो का, हे जाणून घ्यायचे आहे.

पेठेतला भाडेकरू:
मला तो विरोध तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. नारायण पेठेतल्या वाड्याच्या दिंडीतून स्कूटर कशीबशी आत जाते; चारचाकी रस्त्यावर लावण्यावाचून पर्याय नाही. गाडी घेताना आम्ही रस्ता कर एकरकमी भरला आहे. इमारतीत पुरेशी जागा न ठेवणारे बांधकाम व्यावसायिक आणि त्यांचे नकाशे मंजूर करणारे अधिकारी नामानिराळे राहणार आणि दंड भाडेकरूने भरायचा, हा न्याय समजत नाही. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये सोडलेली वाहनतळाची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले. तरीही ‘पार्किंगचे वेगळे पैसे’ हा व्यवहार थांबलेला नाही. आधी तिकडे पाहावे.

निवृत्त नगररचनाकार:
बांधकाम व्यावसायिकांबद्दलचा आपला राग रास्त आहे, पण कराचा मुद्दा टिकत नाही. मोटार वाहन कर राज्य सरकारकडे जातो, तर गल्ली बांधण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च महापालिका करते. शिवाय तो कर गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी असतो, रात्रभर उभी करण्यासाठी नव्हे. वाहनतळाचे नियोजन करताना एका मोटारीसाठी ये-जा करण्याच्या जागेसह सुमारे २३ चौरस मीटर धरतात. पेठांत अनेक कुटुंबांच्या वाट्याला एवढी खोलीसुद्धा येत नाही. आता सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मध्ये जेमतेम अडीच मीटर वाट उरते आणि अग्निशमन दलाचा मोठा बंबही साधारण तेवढाच रुंद असतो. वाहनतळाच्या नियमांवरील जनहित याचिकेच्या सुनावणीत, २०२१ मध्ये, जागा नसताना एका कुटुंबाला अनेक गाड्या घेऊ देऊ नयेत, अशी टिप्पणी मुंबई उच्च न्यायालयाने केली होती. जपानमध्ये तर जागेचा दाखला दिल्याशिवाय मोटारीची नोंदणी न करण्याचा कायदा १९६२ पासून आहे.

शंकेखोर:
परवाना देणार कोणत्या कायद्याच्या बळावर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले अथवा मालक जवळ नसताना उभे ठेवलेले वाहन पोलीस उचलू शकतात किंवा त्याला जॅमर लावू शकतात. रात्री नऊला लावून सकाळी आठला काढलेली प्रत्येक गाडी यात बसते! तारखेनुसार गाडी लावण्याची बाजू ठरवणाऱ्या पी-१, पी-२ पाट्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. विषम तारखेला एक बाजू आणि सम तारखेला दुसरी, हे ठीक. पण ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन दिवस एकच बाजू राहते. मध्यरात्री उठून गाडी पलीकडे नेणारा पुणेकर मी तरी पाहिलेला नाही.

कोपऱ्यावरच्या घरातून:
चर्चा उभ्या गाड्यांभोवतीच फिरते आहे, मला धावणाऱ्यांचा त्रास अधिक आहे. मुख्य रस्ता तुंबला की मोबाइलवरचा नकाशा सगळ्यांना आमच्या गल्लीत वळवतो. तक्रार केली की रातोरात डांबराचा उंचवटा टाकून जातात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांबीचा आणि मध्यभागी दहा सेंटिमीटर उंचीचा हवा. आमच्याकडचा त्याच्या चौथाई लांबीत तेवढीच उंची गाठतो. रिक्षातल्या गरोदर बाईला तो कसा जाणवत असेल, याचा विचार करावा. गल्ली एका दिशेची करावी आणि एकाच बाजूला गाड्या लावू द्याव्यात, म्हणजे दोन्ही तक्रारींना उत्तर मिळेल. शुल्क घ्या किंवा घेऊ नका.

एरंडवणेकर:
एकदिशा मार्गाची सूचना मान्य आहे; त्याखेरीज परवान्यासाठी जागाच आखता येणार नाही. कलम १२७ चा अडसरही खरा आहे. आखलेल्या जागांपुरती वाहतूक पोलिसांची अधिसूचना आधी निघावी लागेल. मात्र एक अट मी सोडणार नाही: इमारतीत जागा असलेल्याला परवाना मिळू नये. आमच्या शेजारच्या नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे. वरची गाडी उतरवायची तर आधी खालची बाहेर काढावी लागते, त्यासाठी खालच्याला फोन, मग बटण दाबून फळी उतरण्याची वाट. हा खटाटोप नको म्हणून निम्मे रहिवासी गाड्या रस्त्यावरच लावतात आणि आत फळ्या रिकाम्या असतात.

पेठेतला भाडेकरू:
ही अट असेल तर माझा विरोध बराचसा मावळतो, पण तिची पडताळणी कशी करणार? परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये नव्या गाडीसाठी पार्किंगचा पुरावा सक्तीचा करण्याचे सूतोवाच केले, तेव्हाही हाच प्रश्न होता. परवान्यासाठी घरमालकाचे ना-हरकत पत्र मागितले तर माझे मालक ते देणार नाहीत. वाड्याचा पुनर्विकास व्हायचा असल्याने भाडेकरूच्या नावावर कसलाही कागद होऊ देण्यास ते तयार नाहीत. भाडेपावती आणि वीजबिल पुरेसे मानणार असाल, तर वर्षाचे शुल्क भरायला मी तयार आहे.