वणव्याचा धूर: भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काय करता येईल?

सॅक्रामेंटोकर
उत्तरेकडच्या वणव्याचा धूर इकडे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला उतरलाय. एअरनाऊ या सरकारी साइटवर एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) १६५, पर्पलएअरवर, म्हणजे लोकांनी घरोघरी लावलेल्या सेन्सरांच्या नकाशावर, त्याच गल्लीत २२०. खरा कुठला धरायचा? घरी ३ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई, त्यांना दमा आहे. सेंट्रल एसी आहे. दुकानांतले प्युरिफायर संपलेत आणि गणपती चार दिवसांवर आलेत.

वातकुक्कुट
पर्पलएअरचा लेसर सेन्सर धुरात आकडा फुगवून दाखवतो. नकाशावर 'यूएस ईपीए' (अमेरिकेची पर्यावरण संस्था) हे कन्व्हर्जन निवडा, किंवा सरळ एअरनाऊचा 'फायर अँड स्मोक मॅप' बघा. त्यात हेच सेन्सर दुरुस्त आकड्यांसह दिसतात.

आणि 'पुण्यात तर रोजच इतका असतो' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. इथला १५१, जिथून 'अनहेल्दी' सुरू होतं, म्हणजे घनमीटरला ५५.५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण). दिवसभराची सरासरी तेवढीच राहिली तर भारतीय एक्यूआय शंभराच्या आत येतो, शेरा 'समाधानकारक'!

जुगाडू
प्युरिफायर नसेल तर कोर्सी-रोझेन्थल बॉक्स करा. २० इंची बॉक्स फॅन, २०×२०×२ इंचाचे मर्व्ह १३ (बारीक कण अडवणाऱ्या दर्जाचे) फिल्टर ४, डक्ट टेप आणि फॅनच्याच खोक्याचा पुठ्ठा. चार फिल्टर उभे करून चौकोन करा, कडेवरचे बाण आतल्या बाजूला. तळाला पुठ्ठा, डोक्यावर फॅन, हवा वर फेकेल असा. सगळे सांधे टेपने बंद.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. फॅनच्या तोंडावर मधोमध साधारण १५ इंची गोल भोक पाडलेला पुठ्ठा लावा. पाती गोल फिरतात, चौकट चौकोनी. कोपरे उघडे राहिले तर बाहेर फेकलेली हवा तिथूनच परत आत ओढली जाते आणि फिल्टरमधून कमी हवा जाते. फॅन २०१२ नंतरचा, यूएल किंवा ईटीएल हा सुरक्षा-चाचणीचा शिक्का असलेलाच घ्या. फिल्टर काळपट पडले किंवा त्यांना धुराचा वास यायला लागला की बदला.

एसीचा पंखा 'ऑटो'वरून 'ऑन'वर टाका, म्हणजे हवा सतत त्याच्या फिल्टरमधून फिरेल. त्यातही मर्व्ह १३ बसवता येईल, पण मेंटेनन्सवाल्याला विचारून. ब्लोअरला त्यातून हवा ओढता आली नाही तर कॉइलवर बर्फ धरतो.

शेपूची भाजी
अख्ख्या घराच्या मागे लागू नका. सासूबाईंची खोली पकडा, बॉक्स तिथे ठेवा, दार-खिडक्या बंद. खोली फार तापू देऊ नका, ते धुराइतकंच वाईट.

तळण, धूप, उदबत्ती आणि कापूर या आठवड्यात बंद, पीएम २.५ घरातल्या घरात चढतो. मोदक उकडीचेच करा. आरतीला एक निरांजन पुरे, बाप्पा समजून घेईल. चिमणी हवा बाहेर टाकते तेव्हा तेवढीच धुराची हवा फटींतून आत येते, म्हणून स्वयंपाकापुरतीच चालवा. आणि ओझोन सोडणारं 'प्युरिफायर' कोणी दिलं तर फुकटही घेऊ नका.

सॅक्रामेंटोकर
आभार! बाहेर जावंच लागलं तर मास्क? ओला रुमाल चालेल?

वातकुक्कुट
रुमाल, ओढणी, सर्जिकल मास्क, कशाचाच उपयोग नाही. बारीक कण अडवणारा एन९५ मास्क घ्या: एक पट्टा डोक्यावर, दुसरा कानांखालून मानेवर. दाढी असेल तर कडेने गळतो. नायॉशचे (मास्क तपासणारी अमेरिकी सरकारी संस्था) मान्यताप्राप्त एन९५ मुलांच्या मापात नसतात, मुलाला लहान मापाचा केएफ९४ (तसाच कोरियन मास्क) बघा. सासूबाईंना मास्कमधून श्वास घेणं जड जाऊ शकतं, आधी डॉक्टरांना विचारा.

त्यांच्या इनहेलरमध्ये किती डोस उरलेत ते आजच बघा. भारतातली चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही, अर्जंट केअरमधून (अपॉइंटमेंटशिवाय बघणारा दवाखाना) नवी घ्यावी लागेल. रिलीव्हर (लगेच आराम देणारा इनहेलर) घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर थेट ९११ ला फोन.

जुगाडू
संध्याकाळी डेल्टा ब्रीझ (खाडीकडून येणारा गार वारा) सुटली की नकाशा बघत राहा. आकडा उतरला तर तेवढ्यात खिडक्या उघडून घ्या, चढायला लागला की लगेच बंद.