लाटटाकी, लाटवाहिनी की तरंगकुंड? आणि लाटेचा 'आयाम' म्हणावे का?

प्रश्न:
खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांच्यावर कृत्रिम लाटा सोडल्या जातात. पुण्यातील शाळकरी मुलांसाठी या प्रकारच्या प्रयोगांवर मी टिपण लिहीत आहे. 'वेव्ह टँक'ला कोणता शब्द योजावा? शिवाय पाठ्यपुस्तकातला 'आयाम' हा शब्द लाटेच्या उंचीसाठी वापरला तर चालेल का?

प्रतिसाद १:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथली चूक महागात पडते. आयाम म्हणजे स्थिर पातळीपासूनचे कमाल विस्थापन. स्थापत्य अभियंते मात्र लाटेच्या माथ्यापासून खळग्याच्या तळापर्यंतचे उभे अंतर मोजतात आणि त्यालाच लाटेची उंची म्हणतात. लहान, नियमित लाटेत ही उंची आयामाच्या दुप्पट असते. लाट मोठी झाली, की माथा टोकदार आणि खळगा पसरट होतो, त्यामुळे स्थिर पातळीच्या वर आणि खाली सारखे अंतर उरत नाही आणि 'आयाम' हा शब्दच संदिग्ध होतो. लाटरोधक बंधाऱ्यावर घालायच्या दगडाचे वजन हडसन यांच्या सूत्रानुसार लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात ठरते. म्हणून उंचीच्या जागी आयाम धरल्यास दगड आवश्यक वजनाच्या एक-अष्टमांशच निघेल. मुलांना हे उदाहरण अवश्य द्यावे.

टाकीबाबत माझे मत 'लाटवाहिनी'च्या विरुद्ध आहे. वाहिनी म्हटले, की आपल्याला मुठेच्या कालव्यासारखे वाहते पाणी दिसते, आणि या टाकीत नेमके ते घडत नाही. एका टोकाची फळी पुढेमागे हलते, लाटेचा आकार पुढे सरकतो, पण पाण्याचे कण जवळजवळ जागच्या जागी फिरतात: खोल पाण्यात वर्तुळात, उथळ पाण्यात चपट्या लंबवर्तुळात. खोल पाण्यात लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ही हालचाल पृष्ठभागावरच्या हालचालीच्या सुमारे ४ टक्केच उरते.

प्रतिसाद २:
उंचीविषयी सहमत आहे, पण टाकीचे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. अरुंद, लांब आणि पुष्कळदा काचेच्या भिंतींची टाकी एकाच दिशेच्या लाटांसाठी असते. बंदराची संपूर्ण प्रतिकृती मावेल अशी रुंद टाकी वेगळी, कारण तिथे लाट तिरकी येते, वळते आणि बंधाऱ्याच्या आडोशाला पसरते. पहिलीला 'लाटटाकी' आणि दुसरीला 'लाटकुंड' म्हणावे. 'तरंग' हा शब्द मी तरंगलांबीसारख्या रुळलेल्या सामासिक शब्दांपुरताच ठेवीन. समुद्रावर येते ती लाटच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, लाटटाकी आणि लाटकुंड हेच घेतो. प्रतिकृती १:१०० असेल तर वेळही शंभरपट लहान होतो, असे लिहिले तर बरोबर होईल ना?

प्रतिसाद १:
नाही. लाटांच्या प्रतिकृतींची मापे ठरवणाऱ्या फ्रूड यांच्या नियमानुसार वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती दहापटच लहान होते. समुद्रावर १० सेकंदांचा आवर्तकाल (एकामागून एक येणाऱ्या दोन माथ्यांमधला वेळ) असलेली लाट टाकीत १ सेकंदाची होते, आणि खोल पाण्यातील तिची लांबी सुमारे १५६ मीटरऐवजी १.५६ मीटर भरते. टाकीच्या दुसऱ्या टोकाला लाट जिरवणारा जो उतार असतो, त्याला 'किनारा' न म्हणता 'शोषक उतार' म्हणावे, कारण लाट तिथून परत फिरून मोजमापात मिसळू नये, एवढेच त्याचे काम आहे.