पकडला जातो खेळाडू, सुटतो कोण?

मधली फळी

गेली बावीस वर्षं मी मुलांना पळायला शिकवतोय. मागच्या महिन्यात सराव संपल्यावर माझ्याकडचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा मागे रेंगाळला. पिशवीतून डबा काढून त्याने माझ्या हातात दिला. आत पांढरी पावडर होती. सील आधीच फोडलेलं, लेबल भिजून अर्धं गेलेलं. ज्या सीनियरला तो देव मानतो, त्याने दिला होता. "सर, घेऊ का?" या मुलाने निदान विचारलं तरी. न विचारता घेणारे किती असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून हा धागा काढतोय. उत्तेजकाच्या प्रकरणात नाव छापून येतं ते खेळाडूचं. त्याच्या हातात गोळी ठेवणारा माणूस बहुतेक वेळा पुढच्या मोसमात दुसऱ्या मुलाला घेऊन मैदानावर हजर असतो.

सिडनी 2000 आठवा. रुमानियाची आंद्रेआ रादुकान, वय सोळा. सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरने गोळी दिली, तिने घेतली. त्यात स्यूडोएफेड्रिन होतं. जिम्नॅस्टिक्समधलं वैयक्तिक सर्वसाधारण सुवर्णपदक काढून घेतलं गेलं. तिला त्या गोळीचा फायदा झाला असं कोणीही म्हटलं नाही, तरी लवादाने अपील फेटाळलं. डॉक्टरवरही बंदी आली हे खरं, पण डॉक्टरचं पदक कुठे होतं जायला? पुढे 2004 साली ते द्रव्य बंदीच्या यादीतून निघालं आणि 2010 मध्ये प्रमाणाची मर्यादा घालून परत आलं. पदक काही परत आलं नाही.

त्याहून वाईट उदाहरण पूर्व जर्मनीचं. शाळकरी मुलींना 'जीवनसत्त्वं' म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जायच्या. सरकारी योजनाच होती ती. त्या मुलींची शरीरं कायमची बिघडली. 2000 साली बर्लिनमध्ये खटला चालला तेव्हा तिथल्या क्रीडा व्यवस्थेचा प्रमुख मानफ्रेड एवाल्ड याला शिक्षा झाली बावीस महिन्यांची, आणि तीही स्थगित!

माझी सूचना सरळ आहे. खेळाडूवर जितक्या वर्षांची बंदी, तितकीच त्याच्या प्रशिक्षकावर आणि डॉक्टरवर आपोआप यावी. आपण निर्दोष आहोत हे त्यांनी सिद्ध करावं, जसं आज खेळाडूला करावं लागतं. मी स्वतः प्रशिक्षक आहे हे लक्षात ठेवून लिहितोय.

चौथा नंबर

पूर्ण असहमत.

मी वजनं उचलायचे. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत मी चौथी आले. तिसरी आलेली दोन वर्षांनी पकडली गेली. मला एक पत्र आलं, नंतर पदक आलं, खोक्यात घालून कुरियरने. दार उघडलं तेव्हा मी पीठ मळत होते. हात धुऊन सही केली.

क्रिस्टीन जिरार्ड हे नाव शोधून बघा. कॅनडाची वेटलिफ्टर. बीजिंग 2008 मध्ये चौथी, लंडन 2012 मध्ये तिसरी. जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा तिच्या पुढच्या बायका एकेक करून बाद झाल्या. लंडनचं कांस्य सुवर्ण झालं, बीजिंगचं कांस्य तिला मिळालं. दोन्ही पदकं हातात पडली ती डिसेंबर 2018 मध्ये. तोवर तिची कारकीर्द संपली होती. विजेती म्हणून मिळणारे प्रायोजक, सरावाची मदत, नाव, यातलं काय परत करता येतं?

तुम्ही रादुकानबद्दल लिहिलंत, मलाही वाईट वाटतं. पण 'शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी तुमची' हा नियम सैल केलात, तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला डॉक्टरने दिलं. नियम कडक आहे तो माझ्यासारख्या चौथ्या नंबरवाल्यांसाठी.

आणि प्रशिक्षक सुटतात हेही सरसकट खरं नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात विजेतेपदं 2012 मध्ये गेली, त्याच प्रकरणात डॉक्टर मिकेले फेरारीवर आजन्म बंदी आली. धावण्याचा प्रशिक्षक अल्बेर्तो सालाझार याच्यावर 2019 मध्ये चार वर्षांची बंदी आली, त्याच्या एकाही धावपटूचा नमुना त्यासाठी सदोष निघावा लागला नाही. म्हणजे पुरावा गोळा केला तर पकडता येतं. तुमची 'आपोआप' शिक्षा आणलीत, तर त्या मुलाने तुमच्या पाठीमागे डबा संपवला असता आणि चार वर्षं तुम्ही घरी बसला असता. चालेल?

मधली फळी

ताई, खोक्यातून आलेल्या पदकाचं वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.

खेळाडूवरची जबाबदारी काढा असं मी म्हणत नाही. वाटा असं म्हणतोय. आणि हो, त्या डब्यापायी मी घरी बसलो असतो. तो मुलगा माझ्याकडे येतो कधी, जातो कधी, खातो काय, हे मला माहीत असायला हवं. एवढी भीती मला असती तर तो डबा मी महिनाभर आधीच पाहिला असता.

ब बाटली

मी नमुने गोळा करण्याचं काम करते, म्हणून थोडं आतलं सांगते. लोकांना वाटतं की विज्ञान सगळं पकडतं.

स्पर्धा संपली की आमचा माणूस खेळाडूच्या मागे लागतो, तो नजरेआड होता कामा नये. सीलबंद संच खेळाडूने स्वतः निवडायचा. लघवी देताना कोणीतरी समोर उभं असतं. किमान नव्वद मिलिलिटर लागते. ती कमी भरली म्हणून पाणी पीत तीन-तीन तास बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मग खेळाडू स्वतःच्या हाताने ती 'अ' आणि 'ब' बाटल्यांत ओततो आणि झाकण फिरवतो. ते झाकण एकाच दिशेने फिरतं, कट् कट् आवाज करत घट्ट होत जातं. तो आवाज थांबला की त्याच्या चेहऱ्यावर जरा सैलपणा येतो. आता हे कोणी उघडू शकत नाही असा त्याचा विश्वास असतो.

रशियातल्या सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, 2014 साली, ते झाकण उघडलं गेलं. प्रयोगशाळेच्या भिंतीला भोक पाडून रात्री बाटल्या पलीकडे द्यायच्या, गुप्तचर खात्याच्या माणसांनी त्या उघडायच्या, आत महिन्यांपूर्वीची स्वच्छ लघवी भरायची. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा' हिने नेमलेल्या मॅक्लारेन यांच्या अहवालात 2016 साली हे आलं. बाटल्यांच्या झाकणांना आतून बारीक ओरखडे सापडले. यात प्रयोगशाळेचा संचालक स्वतः सामील होता आणि बाहेर सांगितलं तेही त्यानेच, देश सोडून पळाल्यावर.

म्हणून मला या दोन्ही बाजूंत एक गोष्ट राहिलेली दिसते. मोठी प्रकरणं नमुन्यांनी फुटत नाहीत, आतला माणूस बोलतो तेव्हा फुटतात. आणि बोलणाऱ्याचं आपण काय करतो? रशियाची धावपटू युलिया स्तेपानोवा आणि तिचा नवरा यांनी सगळ्यात आधी तोंड उघडलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिला पळू दिलं गेलं नाही, कारण तिच्यावर पूर्वी बंदी होती. तिने काय चूक केली होती हे तिनेच तर जगाला सांगितलं होतं! त्या दिवशी जगभरच्या किती मुलींनी गप्प राहायचं ठरवलं असेल?

चौथा नंबर यांना: नियम कडक हवा याला माझी सहमती. मधली फळी यांना: अल्पवयीन खेळाडू पकडला गेला, किंवा एकाच प्रशिक्षकाचे एकापेक्षा जास्त खेळाडू पकडले गेले, तर त्या प्रशिक्षकाची चौकशी आपोआप व्हायलाच हवी, असं 'वाडा'च्या संहितेत आजच लिहिलेलं आहे. नवा नियम नको, आहे तो राबवायला माणसं हवीत.

शिट्टी

सगळी चर्चा लघवीच्या बाटलीभोवती फिरतेय. मी पंच आहे. माझ्यासमोर जी अप्रामाणिकता घडते ती कोणत्याही बाटलीत सापडत नाही.

लंडन 2012, बॅडमिंटन, महिला दुहेरी. प्रथमच गटसाखळी ठेवली होती. गटात हरलं तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळेल असं गणित जुळलं आणि चार जोड्या मुद्दाम हरू लागल्या. सर्व्हिस सरळ जाळ्यात, शटल कोर्टाबाहेर. प्रेक्षक हुर्यो उडवत होते, पंच बाद करण्याचं काळं कार्ड दाखवत होता. आठही जणी बाद झाल्या. त्यांतली एक ग्रेशिया पोली, इंडोनेशियाची. तिनेच टोकियोत सुवर्ण जिंकलं. आता सांगा, ती मूळची अप्रामाणिक होती का? तिला हरण्यात फायदा मिळेल अशी स्पर्धा कोणी आखली? रिओत गटातल्या दुसऱ्या क्रमांकांसाठी नंतर सोडत काढायचं ठरलं आणि ते गणित मोडलं.

1982 च्या फुटबॉल विश्वचषकातही तेच. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया, खिखोनला. जर्मनीने 1-0 जिंकलं तर दोघंही पुढे आणि अल्जीरिया बाहेर, हे दोघांना माहीत होतं, कारण अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. सुरुवातीलाच गोल झाला, मग उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे. शिक्षा कोणालाच झाली नाही. पण 1986 पासून गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. वेळापत्रकातला एक बदल! शंभर नीतिपाठांनी एवढं झालं नसतं.

हिशेबनीस

शिट्टी, इथे माझा विरोध आहे. वेळापत्रक सुधारा, जरूर. पण 'व्यवस्थेने करायला लावलं' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. त्याच स्पर्धेत त्याच नियमांत खेळून प्रत्येक सामना जिंकायला उतरलेल्या जोड्याही होत्या. तुमच्या हिशेबात त्यांना काय किंमत?

लॉर्ड्स 2010 घ्या. मोहम्मद आमिर अठरा वर्षांचा होता. ठरलेल्या चेंडूवर नोबॉल टाकला, सहा महिन्यांची कैद झाली, पाच वर्षं बंदी. कर्णधाराने गळाला लावलं हे खरं, म्हणून कर्णधाराला अडीच वर्षं मिळाली. दोघांनाही शिक्षा झाली, वय आणि अधिकार बघून कमीजास्त. मला हे न्याय्य वाटतं. बुकीचा निरोप आला आणि कळवला नाही, एवढ्यावरही बंदी येते. शाकिब अल हसनला 2019 मध्ये दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष स्थगित. पैसे घेतल्याचा आरोप नव्हता, फक्त कळवलं नाही. ऐकायला क्रूर वाटतं, पण दलाल पहिल्या भेटीत काही मागत नाही. ओळख काढतो, भेटवस्तू देतो, दुसऱ्यांदा सहज विचारतो की उद्या कोण खेळतंय. पहिल्याच फोनला कळवायची सक्ती असली तर खेळाडूला आधार मिळतो: 'मला सांगावंच लागतं' असं तो तोंडावर म्हणू शकतो.

मी एका क्रीडा संघटनेचे हिशेब सात वर्षं पाहिले. तक्रार समितीत कोण? कार्यकारिणीतलेच तिघे. तक्रार कोणाविरुद्ध? कार्यकारिणीतल्या चौथ्याविरुद्ध. ती फाईल माझ्या टेबलावर होती तशीच राहिली, वर दोरी बांधलेली. मी सोडून आलो.

म्हणून माझ्या मते प्रश्न शिक्षा किती हा नाहीच, शिक्षा देतं कोण हा आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्सचा अध्यक्ष लामीन दियाक पैसे घेऊन रशियाची प्रकरणं दाबत होता, पॅरिसच्या न्यायालयाने 2020 मध्ये त्याला दोषी ठरवलं. ज्याने पकडायचं तोच विकला गेलेला. तिथे 2017 पासून तपासाचं काम संघटनेपासून वेगळ्या काढलेल्या विभागाकडे आहे, त्याचं मंडळ वेगळं, माणसं वेगळी. बाकी खेळांत किती ठिकाणी असं आहे?

जलपरीची आई

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, पोहते. तुम्हा सगळ्यांचं वाचून पोटात गोळा आला.

रशियाची फिगर स्केटर कामिला वालियेवा पंधरा वर्षांची होती. डिसेंबर 2021 चा नमुना, बंदीचा निकाल जानेवारी 2024 मध्ये, चार वर्षांचा. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावर ती पुन्हापुन्हा पडली, तेव्हा बाहेर येताच प्रशिक्षिका तिला विचारत होती की लढणं का सोडलंस. ते दृश्य मी माझ्या मुलीबरोबर पाहिलं. ते औषध पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतः शोधून आणलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

हिशेबनीसांना एक विचारते. टेनिसमधल्या इगा श्वियाँतेकच्या झोपेच्या गोळ्यांत भेसळ निघाली, ते सिद्ध झालं, एका महिन्याची बंदी आली. चांगलंच झालं. पण गोळ्या तपासून घ्यायला, वकील लावायला तिच्याकडे पैसे होते. माझ्या मुलीवर ही वेळ आली तर? निर्दोष असणं आणि ते सिद्ध करता येणं यांच्यामध्ये पैसा उभा आहे.

चौथा नंबर

जलपरीची आई, तुमचा मुद्दा मान्य. खर्च संघटनेने उचलायला हवा, हे मी आधी लिहायला हवं होतं. सोळा वर्षांखालच्या मुलांबाबत मी माझं मत बदलते: तिथे आधी मोठ्यांची चौकशी व्हावी. पण पदक काढून घ्यायचंच. दया बंदीच्या मुदतीत दाखवा, निकालात नको. तिच्या मागच्या नंबरवरही कोणीतरी उभं असतं.

मधली फळी

'आपोआप' हा शब्द मागे घेतो, ब बाटली म्हणतात तशी आपोआप चौकशी मला पुरेशी आहे. त्या मुलाचा डबा मी ठेवून घेतला आणि कुठून आला ते कळवलंय. त्या सीनियरचा फोन आला होता, आवाज चढलेला होता. मुलगा दोन दिवस सरावाला आला नाही. आज आला. आता सगळ्यांनी मिळून एक वही केलीय, कोण काय घेतं, कोणी दिलं, तारखेसह. पहिल्या पानावर माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत.

चौथा नंबर

वही चालू ठेवा. तो पुन्हा गैरहजर राहिला तर त्याच्या घरी जा.