पोहता येत नाही, नेत्राणी बेटाला स्नॉर्कलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खाली बघणं) जमेल का?

खानापूरहून विचारतेय. मुरुडेश्वरहून बोटीनं जाणार. खोल पाण्याची फार भीती आहे.

— जमतंय ताई. पण तिथं उथळ किनारा नाही, बोटीवरूनच खोल पाण्यात उतरायचं. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर पट्टे आवळा. मास्क पट्ट्याविना चेहऱ्याला टेकवून नाकानं श्वास ओढा, हात सोडल्यावर चिकटून राहिला पाहिजे. कडेत केस अडकला की पाणी शिरतंय.

— मिशीवाल्यांचाही गळतो, वरच्या ओठावर व्हॅसलिन लावा.

— श्वास तोंडानंच, सावकाश. नळीत पाणी आलं तर जोरात फुंका. घाबरून आत ओढलं की ठसका लागतो. आधी शिडी धरूनच तोंड पाण्यात घाला बघा. उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा तास.