एका स्क्रूपायी तालुक्याले जा!

पऱ्हाटीवाला: काल ग्रुपवर एका सायबानं ज्ञान पाजळलं, “घरात दहा हत्यारं ठेवा, मिस्त्री लागतच नाही. गावाकडची माणसं आळशी झाली.” दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण डोस्कं फिरलं. सायब, माह्या घरी पक्कड आहे, टेस्टर आहे, तीन पेचकस, पाने, करवत, सारं आहे. परवा मिक्सर बंद पडला. पालथा घातला त बुडाले चार स्क्रू. तीन साध्या फुलीचे. चौथा सहा पाकळ्यांचा, अन् मधात बारीक खुंटी. त्याले टोकाला भोक असलेली बिट, म्हणजे पेचकसाचं सुटं टोक, लागते. तालुक्याले गेलो त दुकानदार म्हणे सुटी भेटत नाही, ३२ चा डबा घ्या. घेतला. खोललं, आत सारं ठीक, तरी मिक्सर बंदच. उरलेल्या ३१ बिटांचं काय लोणचं घालू? अन् चौथाच स्क्रू वेगळा कावून? आपण खोलू नये म्हणून. दुसरं कारण असन त सांगा.

मिस्त्रीचा पोरगा: हाव, सांगतो. माह्या टेबलावर रोज घरी खोललेले मिक्सर येतात. कोणाचा मोटरले करंट पोचवणारा कार्बन तुटलेला, कोणाची वायर भलत्याच जागी जोडलेली, अन् वरून “काहीच केलं नाही भाऊ, आपोआप बंद पडला.” कंपनीनं वेगळा स्क्रू लावला त बरंच केलं. बुडाले लाल बटन असते, लोड जास्त झाला की ट्रिप होते. ते दाबून पाहिलं होतं का?

पऱ्हाटीवाला: मुद्दा तो नाही.

मिस्त्रीचा पोरगा: म्हणजे नाही पाहिलं 😄

दारव्ह्याची काकू: सगळं कंपनीवर ढकलू नका. टेबल पंख्याच्या पात्यापुढची टोपी उलट्या आट्याची असते, पातं फिरताना ढिली होऊ नये म्हणून. आमच्या ह्यांनी ती नेहमीसारखी डावीकडे पिळली, वरून पक्कड लावली. टोपीचे दोन तुकडे, अन् मे महिना! सायकलच्या डाव्या पायडललाही उलटेच आटे असतात, हे ह्यांना माहीत. पंख्याच्या वेळी मात्र ताकद आठवली.

रिटायर्ड मास्तर: केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही काढलं. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, सगळं त्यात आहे. माहिती घेत जा.

पऱ्हाटीवाला: मास्तर, पोर्टलनं स्क्रू खुलते का? आमच्याइकडं ते पाहाले गच्चीवर चढा लागते.

रिटायर्ड मास्तर: मग गावात मिळून एक संच ठेवा. प्रत्येकानं विकत घ्यायची गरजच काय? मागून आणावं, काम झालं की परत द्यावं.

बोअरवाला बाप्पा: परत द्यावं?? मास्तर, कोणत्या गावात राहता? बोअरची मोटर काढाले दोन पाइप पाने लागतात, एकानं खालचा पाइप धरायचा, दुसऱ्यानं वरचा फिरवायचा. माह्यापाशी जोडी होती. त्यातला मोठा “संध्याकाळी आणून देतो” म्हणून गेला, त्याले दोन उन्हाळे झाले. नाव घेत नाही. तो हे वाचून रायला.

दारव्ह्याची काकू: आमची शिडी तर लग्नाच्या मांडवाला गेली. जोडप्याला पोरगं झालं, शिडी यायचीच आहे.

मिस्त्रीचा पोरगा: माह्या बापाचा बेअरिंग ओढून काढाचा पुलर असाच गेला. आता पंख्याची ६२०२ नंबरची बेअरिंग काढाले छन्नी मारतो, अन् गिऱ्हाईक म्हणते तुम्ही शाफ्ट वाकवला.

दिग्रसचा बंड्या: बाप्पा, चारचौघात कायले बदनाम करता? पाना घरी आहे. पण त्याचे दात आधीच झिजले होते, पाइपावर घसरते. मी वेल्डिंगवाल्याकडून स्वखर्चानं नीट करून घेणार होतो.

बोअरवाला बाप्पा: दोन वर्षं वेल्डिंग चालू आहे का बे? उपकार नको करू. जसा नेला तसा आण.

दिग्रसचा बंड्या: आणतो. पण मागच्या दिवाळीत माही ड्रिल मशीन कोणी नेली तेही सांगा मंग इथं.

बोअरवाला बाप्पा: ती बंदच होती.

रिटायर्ड मास्तर: मूळ विषयावर या.

पऱ्हाटीवाला: आलो. बटन दाबलं. चालू झाला मिक्सर. पोराचं बरोबर निघालं, खुश? तरी चौथा स्क्रू वेगळा कावून, याचं उत्तर कोणीच देल्लं नाही. अन् डबा मागाले कोणी येऊ नका.